सेनापतीचा कान

सकाळपासून गुंडीचं हात धुणंच चाललं होतं. साबण लावायचा, हात पुसायचे, बाकापाशी येऊन बसायचं, कोरणी उचलायची, ठेवायची आणि पुन्हा मोरीकडे जायचं. तांब्यावर कोरीवकाम करणाऱ्या माणसाचे हात इतके स्वच्छ दिसले की खुशाल समजावं, काम अडलेलं आहे.

बाकावर वाळू भरलेली चामड्याची उशी होती आणि उशीवर तांब्याचा पत्रा. आदल्या दिवशी दादानं, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं, तो कपाटातून काढून काखोटीला मारून आणला होता आणि तिच्यापुढे ठेवून म्हणाला होता, "ह्यातला चेहरा काढायचा. बाकी सगळं राहू दे."

"काढायचा म्हणजे?"

"खरवडायचा. कोट तोच, खांदे तेच, तलवार तीच. पदकं तेवढी नव्या साहेबांची घाल आणि वर त्यांचं तोंड बसव. मिरवणुकीच्या आत छाप हवेत त्यांना."

बोलायला काय जातं. दादानं जन्मात कधी कोरणी हातात धरली नव्हती. तो गिऱ्हाइकं सांभाळायचा, गोड बोलायचा, आणि त्यानं दिलेले शब्द बाकीच्यांनी हात मोडून पाळायचे, अशी त्या छापखान्याची वाटणी होती.

पत्र्यावर होते जुने सेनापती. ते गेल्याच महिन्यात देश सोडून पळाले होते आणि तेव्हापासून घराघरांतून त्यांची चित्रं उतरत होती. भिंतींवर फिकट चौकोन उरले होते. लोक चित्र चुलीत घालत आणि चौकट जपून ठेवत, कारण नवं चित्र येणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं. समोरचा चौकटवाला रोज रस्ता ओलांडून विचारून जायचा, "नवे साहेब कधी छापताय?" नव्या साहेबांची माणसंही रस्त्यानं फिरायची आणि दुकानांच्या भिंती न्याहाळायची. अशा दिवसांत जुन्यांचा पत्रा कपाटात ठेवणंसुद्धा अंगाशी येण्यासारखं होतं. म्हणजे दादा अगदीच वेड्यासारखं बोलत नव्हता, आणि तिला त्याचाच जास्त राग येत होता.

कारण तो चेहरा आबांनी कोरला होता. आबा त्या दोघांचे वडील. दृष्टी जायच्या आधी त्यांनी कोरलेल्या चेहऱ्यांपैकी हा शेवटचा उरलेला. तांबं मऊ असतं, छापून छापून रेघा झिजतात. आबांचे बाकीचे पत्रे झिजून केव्हाच भंगारात गेले होते. त्यांच्या हातचं म्हणून दाखवावं असं आता एवढंच शिल्लक होतं: एक रुंद कपाळ, दोन जड पापण्या, एक दांडगी मिशी आणि कान.

त्या छापखान्यात कोणाला कसं कोरायचं ह्याचा नियम ठरलेला होता. सेनापती असेल तर निव्वळ रेघ: केसाइतकी बारीक सुरू होणारी, गालाच्या सावलीत भरत जाणारी आणि पुन्हा केसाइतकी होऊन संपणारी. त्याला महिने लागत. त्याच्या खालच्या अंमलदारांना ठिपके. ठिपके टोचत बसायचं, काम निम्म्या वेळात. आणि शिपाई असलेच तर मागच्या धुरात, तेही तेजाबानं खाऊन काढलेले, एका दुपारचं काम, त्यांना नाकडोळेही नसत. गिऱ्हाइकांना हा हिशेब पाठ होता. एकदा एका अंमलदाराची बायको चित्र घेऊन आली आणि म्हणाली, "ह्यांना बढती मिळाली. आता हे ठिपके काढून रेघा घालून द्या." आबा तिला समजावता समजावता हैराण झाले होते.

कोरणाऱ्यांतही अशीच उतरंड. चेहरा फक्त आबांनी करायचा. गुंडी लहानपणी बाकापाशी बसायला लागली तेव्हा तिच्या वाट्याला कोटाच्या गुंड्या आल्या आणि तेच तिचं नाव पडलं. पुढे तिला झालरी मिळाल्या, पदकं मिळाली, ठिपक्यांचे अंमलदारही मिळाले. चाळिशी उलटली, पण रेघेतला चेहरा काही मिळाला नाही. आबांचे डोळे गेल्यावर तसं कामच आलं नव्हतं.

आणि आता आलं होतं. खरी गोम ही होती. दादानं पत्रा पुढे ठेवला तेव्हा तिनं मान फिरवली, आणि त्याच क्षणी तिचा अंगठा कोरणीची मूठ चाचपू लागला. तिला तो चेहरा हवा होता. आयुष्यभर हवा होता. पण तो कोरायला जागा एकच होती आणि तिथं आबा होते. ह्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की ती पुन्हा हात धुवायला गेली.

"आबांना सांगायचं नाही," दादा म्हणाला. "ह्या वयात उगीच जिवाला लावून घेतील."

आबा माडीवर असत, बरोबर ह्या बाकाच्या वर, खिडकीजवळच्या खुर्चीत. मध्ये नुसती लाकडी तक्तपोशी. डोळे गेले होते, पण ऐकू इतकं लख्ख यायचं की खाली सुई पडली तर कोणत्या बाजूला पडली तेही सांगत. म्हणून अशी युक्ती निघाली की गुंडी खरवडेल तेवढा वेळ मामांनी यंत्र फिरवत राहायचं. मामा म्हणजे छापणारे. ते कोणाचेच मामा नव्हते, पण आबांच्या जोडीनं इथंच म्हातारे झाले होते आणि त्यांच्या नखांतली शाई आता निघण्यापलीकडे गेली होती.

यंत्राचा रूळ खडखडू लागला. गुंडीनं तीनधारी पातं कपाळावर टेकवलं आणि पुढे ढकललं. तांब्याची तांबूस भुकटी उडाली. पहिली ओळ गेली, मग हात थांबेना. कपाळ गेलं, पापण्या गेल्या, नाक गेलं. मिशीला वेळ लागला, ती फार खोल होती. मग छातीवरची पदकं गेली.

"मामा, आज एवढं काय छापताय?" वरून आबांचा आवाज आला.

"औषधाच्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या, आबा."

"एवढी माणसं आजारी पडली?"

मामांनी रूळ आणखी जोरात फिरवला.

गुंडी कानापाशी आली आणि हात अडला. तिनं पातं टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. कान कोरणं सगळ्यांत अवघड. नाक चुकलं तर मिशी झाकून घेते, कानाला लपायला जागाच नसते. हा कान तर असा की रेघ कुठून आत वळते ते भिंगातूनही सापडू नये. शिकायला लागल्यावर आबांनी तिला पहिल्यांदा दाखवला होता तो हाच. तिनं नव्या साहेबांचं तैलचित्र पाहिलं, ते नमुना म्हणून आलं होतं. त्यात केस कानावर ओढलेले होते, अर्धी पाळी तेवढी दिसत होती. मग कोणाचाही कान चालेल, ती मनाशी म्हणाली. कानाकडे कोण बघतंय? आबांचं एवढं तरी राहील. तिनं कानाभोवती पातं फिरवलं आणि कान ठेवला. त्या दिवसात पहिल्यांदा तिला जरा श्वास घेता आला.

खरवडलेल्या जागी खड्डा पडतो आणि खड्ड्यात शाई साचते. म्हणून पत्रा ऐरणीवर पालथा टाकून मागून ठोकून ती जागा वर आणावी लागते. गुंडीनं वाकड्या पायांच्या परकारानं जागा हेरून मागच्या बाजूला खूण केली आणि पत्रा उलटा केला.

तिथं आधीच ठोकलेलं होतं.

हातोडीचे जुने, काळवंडलेले ठसे, चेहऱ्याएवढ्या जागेत, अगदी तिनं खूण केली होती तिथंच. फक्त कानामागची जागा सपाट होती.

"मामा, हे काय आहे?"

मामा आले, बघितलं आणि फडक्याला हात पुसत बसले. पुसण्यासारखं काही नव्हतं. "पत्रा जुना आहे," ते म्हणाले.

"ते दिसतंय. ठोकला कोणी?"

"आबांना विचार. आणि हळू ठोक, तांबं कागदासारखं झालंय तिथं."

"आबांना कसं विचारू? त्यांना सांगायचं नाही ना?"

मामांनी खांदे उडवले. गुंडीला कोणावर तरी खेकसावंसं वाटत होतं आणि खेकसायला समोर फक्त पत्रा होता. तिनं हातोडी घेतली. एक टोला, दुसरा, तिसरा. हातोडीचा आवाज कुठलंच यंत्र झाकत नाही. वरून काठी आपटल्याचा आवाज आला.

ती वर गेली तेव्हा आबा खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"किती खोल गेलीस?"

तिनं हातांवरची भुकटी पदराला पुसली.

"मामा केव्हापासून रिकामा रूळ फिरवतोय," आबा म्हणाले. "आत पत्रा-कागद असला की यंत्र कण्हतं, रिकामं असलं की खडखडतं. मला काय दूधखुळा समजता सगळे? आणि त्या खडखडीखालून पातं ऐकू येत होतं. कपाळावर लांब, नाकावर आखूड. मिशीला बराच वेळ घेतलास."

"खोल होती."

"असणारच. त्या माणसात मिशीशिवाय होतं काय."

तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. "तुम्हाला विचारायला हवं होतं, आबा."

"हवंच होतं," आबा म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग त्यांनी विचारलं, "कान ठेवलास ना? तिथं पातं दोनदा टेकलं आणि थांबलं."

ह्या प्रश्नाचीच ती वाट बघत होती. "ठेवला. तुमच्या हातचं तेवढं तरी राहावं म्हणून."

आबांनी मान खाली घातली. काठीची मूठ ते अंगठ्यानं घासत राहिले.

"तो माझा नाही गं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुझ्या आजोबांचा आहे. आईच्या वडिलांचा. मी त्यांच्याकडे शिकलो. पत्रा त्यांचा, कोट त्यांचा, तलवार त्यांची. त्याच्यावर आणखी जुने एक सेनापती होते. ते पडले, दुसरे आले, आणि काम माझ्याकडे आलं. मीही असाच रात्रंदिवस तळमळत होतो. चेहरा खरवडला आणि कानापाशी थांबलो. आजोबा ह्याच खुर्चीत बसले होते. थांबलेलं त्यांना कळलं. बोलले काही नाहीत, जेवायला मात्र आले नाहीत."

"मग ह्याच्यात तुमचं काय होतं?"

"तीन पदकं. आणि चेहरा."

म्हणजे जे त्यांचं होतं ते सगळं तिनं आपल्या हातानं भुकटी करून जमिनीवर झाडलं होतं, आणि प्राणपणानं वाचवलं ते दुसऱ्याचं. तिला बसवेना. ती उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली, पाण्याचा तांब्या उचलून तसाच ठेवला. आबांनी तिची समजूत घातली नाही. ते म्हणाले, "आता कोरायला घे. उघडा पत्रा फार दिवस ठेवू नये, डाग पडतात."

ती खाली आली आणि कोरायला बसली. रागानंच बसली, कोणावरच्या, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. आरशात चित्र धरायचं, कारण पत्र्यावर सगळं उलटं हवं. हात जागचा हलवायचा नाही, डाव्या हातानं पत्राच उशीवर फिरवायचा, की रेघ आपोआप वळते. पहिले दोन दिवस रेघ घाबरत घाबरत चालली. मग कधीतरी गालाच्या सावलीत ती भरली, फिरली आणि उतरली, आणि गुंडीला कळलं की आपल्याला हे येतं. तिला आनंद झाला. तो आनंद वर बसलेल्या माणसाच्या जिवावर होत होता, हे विसरता मात्र येत नव्हतं. जेवताना, झोपताना, जिना चढताना तिचा डावा हात हवेतच पत्रा फिरवत राहायचा.

मामांनी कच्चा छाप काढला. शाई भरली, तळव्यानं पुसली, ओला कागद घातला, आणि ह्या वेळी यंत्र कण्हलं. कागद उचलला तर नवे साहेब समोर बघत होते, जिवंत, जरा भित्रेसुद्धा. दादा खूश झाला. चौकटवाला दारातूनच म्हणाला, "झकास."

साहेबांचा माणूस आला तो दुपारी. पायांत चकचकीत बूट, तोंडावरची माशी हलेल तर शपथ. त्यानं छाप उजेडात धरला.

"कपाळ उत्तम. डोळे उत्तम. कान बदला."

"कान?" दादा म्हणाला. "फार नामी कान आहे तो."

"साहेबांचा नाही. साहेबांच्या कानाचा वरचा तुकडा गोळीनं गेलाय. चित्रकारानं केसांखाली झाकला आणि साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. पदकं काय, कोणाच्याही छातीवर असतात. शिपाई साहेबांना त्या कानावरून ओळखतात."

मागच्या धुरातल्या बिननाकडोळ्यांच्या शिपायांचं मत विचारात घ्यायची त्या छापखान्यावर ही पहिलीच वेळ होती.

"कान निघणार नाही," गुंडी म्हणाली. "भोवतीचं तांबं पातळ आहे. फाटेल."

"मग पत्रा आम्ही नेतो. दुसरीकडे करून घेऊ."

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. गुंडीनं पत्रा उचलला आणि जिना चढली. पत्रा गेला तर कान दुसरा कोणीतरी खरवडणारच होता, आणि सोबत तिचा चेहराही त्याच्या हाती जाणार होता. नाही गेला, तर आजोबांचा कान तिला स्वतःला काढायचा होता. आबांचं सगळं पुसून झाल्यावर आता त्यांच्या गुरूचंही.

तिनं सगळं सांगितलं. आबांनी पत्रा मांडीवर घेतला. नखानं चाचपत ते कपाळावरून खाली आले, गालावर थांबले, त्याच रेघेवरून पुन्हा एकदा गेले. मग कानापाशी आले आणि म्हणाले, "पातं आण."

"आबा, मी करते."

"तुझ्यानं होणार नाही. माझ्यानंही झालं नव्हतं तेव्हा. आण."

त्यांनी पात्याची धार बोटानं चाचपून पाहिली. डाव्या हाताचा अंगठा पत्र्याखाली धरून, पातळपणा अजमावत, ते एकेक पापुद्रा काढत राहिले. गुंडी शेजारी उभी होती. खाली दादा येरझारा घालत होता, त्याच्या पावलांचा आवाज येत होता. आजोबांचा कान भुकटी होऊन आबांच्या धोतरावर पडत होता आणि आबा रडत होते, पण हात थांबला नाही.

"ठोकू नको आता," शेवटी ते म्हणाले. "मामाला सांग, मागून कागद चिकटवून खड्डा भरून घे. तेवढ्यावर निघतील छाप."

गुंडीनं फाटका कान कोरला. ह्याला नमुना नव्हता, शिकवलेला कान इथं चालणार नव्हता. तुटलेल्या कडेपाशी रेघ कशी संपवायची ते तिचं तिलाच शोधावं लागलं. काम संपल्यावर ती पत्रा पुन्हा वर घेऊन गेली. आबांनी नख फिरवलं.

"कोवळा आहे अजून," ते म्हणाले. "पण कान आहे."

नख कोटावरून, गुंड्यांवरून खाली घसरलं आणि छापात उजवीकडे येणाऱ्या, म्हणजे पत्र्यावरच्या डाव्या कोपऱ्यात अडलं. पत्र्यावर कोरणाऱ्याचं नाव असतं ते तिथंच.

"हे कोणाचं नाव?"

"तुमचंच. दादा म्हणाला, राहू दे. तुमच्या नावावर खपतं."

"ह्या पत्र्यावर माझं काही उरलेलं नाही," आबा म्हणाले. "पदकंसुद्धा तू बदललीस. खोटं नाव कशाला? काढ ते."

"आबा, तेवढं एक नका सांगू."

"काढ."

तिनं तिथंच, त्यांच्या पायाशी बसून काढलं. एवढंसं काम, पण ते तिला सगळ्यांत जड गेलं. मग तिनं कागदाच्या कपट्यावर स्वतःचं नाव उलटं लिहून पाहिलं. गुंडी नव्हे, खरं, शाळेच्या दाखल्यावरचं. शेकडो नावं तिनं उलटी कोरली होती, हे कधीच नव्हतं कोरलं. दुसऱ्याच कोणाचं तरी असल्यासारखं ते दिसत होतं. दोन वेळा खोडलं आणि मग पत्र्यावर घातलं.

दादा जिन्यात येऊन उभा राहिला होता. "अगं, हे नाव कोणाला माहीत आहे?" तो म्हणाला.

आबांनी पत्रा हातात घेतला. जन्मभर उलटी अक्षरं वाचलेला माणूस. नख उजवीकडून डावीकडे सरकत गेलं, एका वळणापाशी थांबलं, पुढे गेलं. शेवटच्या अक्षरावर आल्यावर त्यांनी ते नाव मोठ्यानं उच्चारलं, सावकाश, सबंध. ती पाच वर्षांची असताना बाकापाशी बसली, तेव्हापासून त्या घरात ते नाव कोणी घेतलं नव्हतं.

"ओ," ती म्हणाली.

खालून मामा हाका मारत होते, भिजवलेला कागद वाळून चालला होता.